शिसपेन्सिलीतून वीज : धातू, अधातू व धातुसदृश यांचा पाठ

उच्च प्राथमिक वर्गांच्या विज्ञानात धातू व अधातू यांचा पाठ येतो. हा पाठ सोपा समजला जातो. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढावी, एका बाजूस ‘धातू’ व दुसऱ्या बाजूस ‘अधातू’ असे लिहावे, आणि ‘चकाकी असते – चकाकी नसते’, ‘ठोकल्यास पत्रा होतो – ठोकल्यास चुरा होतो’, ‘वीज वाहते – वीज वाहत नाही’ अशा जोड्या मुलांकडून म्हणवून घ्याव्यात, की पाठ आटोपला. परीक्षेत या जोड्या जशाच्या तशा उतरतात व गुणही मिळतात. परंतु या रीतीने मुलाच्या पदरात काय पडते व त्याचे काय हरवते, याचा विचार शिक्षक बंधुभगिनींनी करावा, यासाठी हा लेख लिहीत आहे.

आरंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. सेवेच्या पहिल्या वर्षांत मी एका लहान गावी शिकवीत असताना चाचणीत एक विधान दिले होते : ‘सर्व अधातू विजेचे दुर्वाहक असतात – चूक की बरोबर?’ एका मुलाने ‘चूक’ असे लिहून पुढे कारण दिले होते, ‘पेन्सिलीतून वीज जाते.’ मी त्यावर लाल फुली मारली. पेपर वाटताना तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मी लावून पाहिलं. दिवा लागतो.” मी म्हणालो, “लागणारच. शिसं हा धातूच आहे. खाली बस.” वर्ग हसला. सायंकाळी सहज पाठ्यपुस्तक चाळले, तेव्हा कार्बनच्या पाठात स्पष्ट छापलेले दिसले की, पेन्सिलीतील कांडी ग्राफाइटची असते व ग्राफाइट हे कार्बनचे रूप आहे. मुलाने पुस्तकही वाचले होते आणि प्रयोगही केला होता. मी दोन्हींपैकी काहीच केले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल करून मी त्याला गुण दिला. परंतु त्या वर्षात त्याने पुन्हा आपण होऊन हात वर केल्याचे मला आठवत नाही.

या पाठाचे मर्म त्या फुलीत आहे. पदार्थ धातू आहे की अधातू, हे त्याच्या नावावरून ठरत नाही, आणि त्याच्या एखाद्या गुणावरूनही ठरत नाही. अनेक गुण पारखून ठरते. एवढे मुलाच्या अंगी बाणले तर जोड्या त्याला आपोआप येतात. हे न बाणता केवळ जोड्या आल्या तर पहिल्या अपवादापाशी तो अडखळतो, आणि पुष्कळदा आपणच त्याला अडखळवितो.

नावावर विसंबू नये

बाजारातील व घरातील नावे सोयीसाठी पडलेली असतात, शास्त्रासाठी नव्हेत. शिसपेन्सिलीत शिसे नाही. इंग्लंडच्या उत्तरेस बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात ग्राफाइटचा उत्तम साठा सापडला. हा काळा चकचकीत पदार्थ कागदावर रेघ उमटवी, म्हणून लोकांनी तो शिशाचाच प्रकार मानला. तो कार्बनचे रूप आहे हे स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यांनी १७७९ साली दाखविले. तोवर नाव रूढ झाले होते. इंग्रजीतही या वस्तूस ‘लेड पेन्सिल’ म्हणतात. एखाद्या मुलास पेन्सिलीचे टोक बोचले की ‘शिसे अंगात गेले’ म्हणून घरची मंडळी घाबरतात. टोक काढून जखम स्वच्छ करावी हे खरेच. परंतु शिशाच्या विषबाधेचे भय तेथे नाही.

अशी आणखी नावे मुलांकडून गोळा करावीत. ‘टिनाचा डबा’ म्हणजे लोखंडी पत्र्याचा डबा. कथलाचा त्यावर फक्त पातळ मुलामा असतो. डब्यास लोहचुंबक चिकटते, कथलास ते चिकटत नाही, एवढ्यावरून मुले हे स्वतः ओळखू शकतात. ‘जस्ती पत्रा’ हाही लोखंडाचाच, वर जस्ताचा थर असलेला. ‘जर्मन सिल्व्हर’ मध्ये चांदी नसते. ते तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण होय. पितळ हे तांबे व जस्त यांचे, तर कासे हे तांबे व कथील यांचे संमिश्र आहे. ही दोन्ही मूलद्रव्ये नव्हेत, हेही येथेच सांगून टाकावे. डोळ्यांत घालण्याचा सुरमा मूळचा अँटिमनीच्या खनिजाचा मानला जातो. प्रत्यक्षात बाजारातील सुरम्यात पुष्कळदा शिशाचे सल्फाइड आढळले आहे. तेथे नावावर विसंबणे बालकाच्या प्रकृतीस घातक ठरते.

पाच कसोट्या

पुढील कसोट्यांस प्रयोगशाळा लागत नाही. खिळा, तांब्याची तार, ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा, कोळसा, पेन्सिल, खडू, लाकडाची काडी एवढे साहित्य मुलेच आणतील. वर्गाचे गट पाडावेत व प्रत्येक गटाने आपला तक्ता भरावा.

पहिली कसोटी चकाकीची. वस्तू आहे तशी न पाहता काचकागदाने घासून पाहावी. गंजलेला खिळा व काळवंडलेली तार घासल्यावरच आपले खरे तेज दाखवितात. कोळसा घासून चमकत नाही. परंतु पेन्सिलीची कांडी मात्र चमकते. त्या वेळी मुलांना काही न सांगता तक्त्यात ‘चमकते’ असेच लिहू द्यावे.

दुसरी कसोटी घणाची. तांब्याची तार दगडावर ठेवून हातोडीने ठोकली असता चपटी होते. कोळशाचा चुरा होतो. चुरा होणाऱ्या वस्तू फडक्यात गुंडाळून ठोकाव्यात, म्हणजे कण डोळ्यांत जाणार नाहीत. ठोकून पत्रा होण्याच्या गुणास वर्धनीयता व ओढून तार होण्याच्या गुणास तन्यता म्हणतात. पेढ्या-बर्फीवरील चांदीचा वर्ख हे वर्धनीयतेचे घरगुती उदाहरण. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर लांबीची तार ओढता येते, हे तन्यतेचे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठाराचे काम करतात. त्या ठोक्यांनी भांड्यास शोभा तर येतेच, पण ठोकल्याने तांबे कठीण व बळकटही होते. घडविताना ते फार कठीण झाले, तर कारागीर ते तापवून पुन्हा मऊ करून घेतो. धातूचा गुण त्याच्यावर झालेल्या क्रियेनेही बदलतो, हे या उदाहरणावरून समजावे.

तिसरी कसोटी उष्णतेची. हिवाळ्याच्या सकाळी मुलांनी बाकाच्या लोखंडी पायास व लाकडी फळीस एकाच वेळी हात लावावा. ‘लोखंड थंड आहे, लाकूड थंड नाही,’ असे सर्वजण म्हणतील. वस्तुतः रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखेच असते. लोखंड हाताची उष्णता झपाट्याने ओढून नेते, लाकूड नेत नाही. म्हणून एक थंड लागते. मुलांचा विश्वास बसला नाही, तर दोन्हींवर तापमापक टेकवून काही वेळाने पाहावे. मात्र तो पाऱ्याचा नसावा.

चौथी कसोटी विजेची. दोन सेल, विजेरीचा लहान दिवा व तीन तारा घेऊन मंडल जोडावे आणि तारांच्या मोकळ्या टोकांमध्ये एकेक वस्तू धरावी. पेन्सिलीची कांडी आखूड घ्यावी. दिवा मंद लागतो, पण लागतो. जुन्या पद्धतीचा दिवा न मिळाल्यास पांढरा एलईडी, तीन सेल व १०० ओहमचा रोध वापरावा. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे जोडावा, उलटा जोडल्यास तो लागत नाही. येथे एका फसगतीची सूचना देतो. शेतीपंपाच्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार मुले हौसेने आणतात. तिच्यावर वार्निशचा थर असतो. तो न खरवडता तार जोडली, तर दिवा लागत नाही आणि ‘तांबे दुर्वाहक आहे’ असा निष्कर्ष तक्त्यात जातो. रंग दिलेल्या खिळ्याचेही तसेच. प्रयोग फसला, तर तो का फसला हे शोधणे हाही पाठाचाच भाग आहे.

पाचवी कसोटी नादाची. पुष्कळ शाळांत टोल म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे. काही ठिकाणी तो अद्याप आहे. टांगलेला रूळ खणखणतो, लाकडाचा ओंडका बद्द वाजतो. देवळातील घंटेचे कासे साधारणतः चार भाग तांबे व एक भाग कथील अशा प्रमाणाचे असते. परंतु शिसे धातू असूनही बद्दच वाजते.

लोहचुंबकास मात्र या पाचांत स्थान देऊ नये. ‘चुंबकास चिकटते तो धातू’ ही समजूत मुलांत फार पसरलेली आहे. नेहमीच्या तापमानास चुंबकाकडे जोराने ओढली जाणारी परिचित मूलद्रव्ये लोखंड, निकेल व कोबाल्ट एवढीच. तांबे, ॲल्युमिनियम, सोने व चांदी चिकटत नाहीत, म्हणून त्यांचे धातुपण जात नाही.

एका गुणावर निकाल नको

तक्ते भरून झाले की खरा पाठ सुरू होतो. पेन्सिलीची कांडी चमकते व वीज नेते. म्हणजे दोन गुण धातूचे. परंतु ती ठोकल्यास चुरा होते व तिची तार ओढता येत नाही. मग तिला कोणत्या रकान्यात ठेवावे? वर्गास वाद घालू द्यावा. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

असा वाद थोर शास्त्रज्ञांमध्येही झालेला आहे. प्राचीन काळापासून मनुष्यास परिचित असलेले धातू जड होते. दर घन सेंटिमीटरला लोखंड ७.९ ग्रॅम, तांबे ९ ग्रॅम, शिसे ११.३ ग्रॅम व सोने १९.३ ग्रॅम भरते. म्हणून ‘धातू म्हणजे जड’ असे मानले जाई. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. ती ताजी कापली असता चांदीसारखी चमकत व वीज नेत. परंतु सुरीने कापली जात आणि पाण्याहून हलकी होती. सोडियमची घनता ०.९७ व पोटॅशियमची ०.८६. यांस धातू म्हणावे की नाही, असा प्रश्न त्या काळी उभा राहिला. शेवटी बहुतेक गुण धातूचे म्हणून त्यांस धातूंत घेतले आणि ‘जड’ ही अट सोडून देण्यात आली. पुराव्यासमोर व्याख्या बदलली, हा धडा मुलांना अवश्य सांगावा.

इतर अपवादही याच रीतीने मांडावेत. पारा धातू असून नेहमीच्या तापमानास द्रव असतो. तो उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो. गॅलियम सुमारे ३० अंशांस, म्हणजे तळहाताच्या उबेनेही, वितळते. तर टंगस्टन वितळावयास ३,४०० अंशांहून अधिक तापमान लागते. अधातूंपैकी ब्रोमीन द्रव आहे. आयोडीनच्या स्फटिकांस चकाकी असते. हिरा हा कार्बन, म्हणजे अधातू. परंतु नैसर्गिक पदार्थांत तो सर्वांत कठीण. शिवाय तो वीज नेत नाही, पण उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली नेतो.

अपवादांचे कारण

अपवादांची केवळ यादी दिली, तर मुलांवर पाठांतराचे आणखी एक ओझे पडते. त्यांचे कारण दिले, तर नियमही समजतो. वरच्या वर्गास ते थोडक्यात सांगता येते.

धातूत प्रत्येक अणूचे बाहेरचे काही इलेक्ट्रॉन एका अणूशी बांधलेले न राहता सर्व तुकड्यात मोकळे फिरतात. ते वीज वाहून नेतात व उष्णताही वाहून नेतात. प्रकाश पृष्ठभागावरून परत फेकला जातो तोही त्यांच्यामुळे, हीच चकाकी. घणाचा घाव बसला असता अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, परंतु मोकळे इलेक्ट्रॉन त्यांस धरून ठेवतात. म्हणून धातू तुटण्याऐवजी पसरतो. चार निरनिराळे वाटणारे गुण असे एकाच कारणाचे ठरतात.

बहुतेक अधातूंत इलेक्ट्रॉन ठराविक अणूंच्या जोड्यांत अडकलेले असतात. वीज नेण्यास कोणी मोकळा नसतो, आणि घाव बसला की जोड तुटून चुरा होतो. आता कार्बन पाहावा. त्याच्या अणूस जोडण्यासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. हिऱ्यात चारही शेजारच्या चार अणूंशी बांधलेले. म्हणून तो कठीण व विजेचा दुर्वाहक. उष्णता तेथे इलेक्ट्रॉन नेत नाहीत. घट्ट बांधलेल्या अणूंची कंपनेच तिला पुढे नेतात. ग्राफाइटमध्ये तीन बांधलेले व चौथा थरात मोकळा; म्हणून ते वीज नेते. त्याचे थर एकमेकांस सैल धरलेले असतात, ते सुटून कागदावर उतरतात. म्हणून पेन्सिल लिहिते. ग्राफाइटने नियम मोडलेला नाही. ज्या कारणाने धातू वीज नेतात, त्याच कारणाने तेही नेते. तरी त्याचे इतर गुण पाहता कार्बन अधातूच ठरतो.

धातुसदृश

दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बसणारी काही मूलद्रव्ये आहेत. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी व टेल्युरियम यांस सामान्यतः धातुसदृश म्हणतात. आज मान्य असलेल्या ११८ मूलद्रव्यांत धातू बहुसंख्य आहेत, अधातू थोडे व धातुसदृश त्याहूनही थोडी. धातुसदृशांची नेमकी यादी सर्व शास्त्रज्ञ एकच देत नाहीत, हे मुलांपासून लपवू नये. रेघ निसर्गाने आखलेली नाही. आपण आपल्या सोयीसाठी आखली आहे.

सिलिकॉन हे यांतील उत्तम उदाहरण. वाळूत ते ऑक्सिजनशी संयोग पावलेले असते. वाळू म्हणजे सिलिकॉन नव्हे. शुद्ध सिलिकॉन करडे व धातूसारखे चकचकीत दिसते, १,४१४ अंशांस वितळते, परंतु घाव घातल्यास काचेसारखे फुटते. वीज नेण्यात ते धातूच्या फार मागे व दुर्वाहकांच्या पुढे आहे. त्याची खरी ओळख तापविल्यावर पटते. तांब्याची तार तापविली असता ती वीज अधिक वाईट नेते. शुद्ध सिलिकॉन तापविले असता अधिक चांगली नेते. कारण त्याचे इलेक्ट्रॉन सैल बांधलेले असतात व उष्णतेने किंवा प्रकाशाने काही सुटे होतात. अशी उलट चाल मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड या संयुगात प्रथम नोंदविली होती. त्या वेळी ती एक विचित्र गोष्ट वाटली असेल; पुढे सारे इलेक्ट्रॉनिक शास्त्र अशा पदार्थांवर उभे राहिले. शेतातील सौरपंपाच्या निळसर काळ्या पाट्या सिलिकॉनच्या असतात, आणि प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉनच पंपास वीज पुरवितात.

जर्मेनियमची कथा मुलांना आवडते. सिलिकॉनच्या खाली आवर्तसारणीत एक जागा रिकामी आहे, तेथे बसणारे मूलद्रव्य करडे असेल व त्याची घनता ५.५ च्या आसपास असेल, असे मेंडेलीव्ह यांनी १८७१ साली सांगितले. १८८६ साली जर्मनीत विंक्लर यांना ते सापडले, घनताही भाकिताच्या जवळपासच निघाली. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला तो जर्मेनियमचाच. त्यावरूनच आपल्याकडे रेडिओस ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले.

दक्षता

घरातील विजेच्या बटनाशी किंवा तारांशी कोणताही प्रयोग करू नये, हे मुलांकडून वदवून घ्यावे. केवळ सेल वापरावेत. सेलची दोन टोके तारेने थेट जोडू नयेत. पारा वर्गात आणू नये. त्याची वाफ विषारी असते. जपानमधील मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेवरूनच २०१३ साली मिनामाता करार झाला. शिशाचे तुकडे मुलांच्या हाती देऊ नयेत. गंधक बंद खोलीत जाळू नये. त्याचा धूर श्वासास बाधतो. सोडियम, पोटॅशियम, ब्रोमीन व आर्सेनिक ही चित्रात व फळ्यावरच दाखवावीत.

मूल्यमापन

शेवटी प्रश्नपत्रिकेविषयी. ‘धातूंचे चार गुणधर्म लिहा’ हा प्रश्न अगदीच नको असे नाही. पण त्याच्या जोडीस असा प्रश्न द्यावा : ‘एक पदार्थ चमकतो, वीज थोडी नेतो, ठोकल्यास फुटतो. त्याचा वर्ग ठरविण्यासाठी आणखी कोणते प्रयोग कराल?’ अशा प्रश्नास पाठांतर पुरत नाही. उत्तरेही निरनिराळी येतील व तपासण्यास वेळ लागेल. त्यांत एखादे उत्तर आपल्या माहितीच्या विरुद्ध आढळले, तर फुली मारण्यापूर्वी त्या मुलास विचारावे, “तू हे कसे ठरविलेस?” त्याने प्रयोग केला असेल, तर सेल व तार काढून त्यास वर्गासमोर तो पुन्हा करू द्यावा. दिवा लागला, तर आपला तक्ता दुरुस्त करावा. न लागला, तर का लागला नाही हे त्याच्यासह शोधावे. लाल शाईची बाटली त्यानंतर उघडली तरी चालेल.